टोकियोहून हाकोने : ओन्सेनमधील एक निवांत दिवस (सहलीत सहभागी होणाऱ्यांसाठी माहितीपत्रक)

हाकोनेच्या एकदिवसीय सहलीसाठी आपण नाव नोंदवले, याबद्दल आम्ही आपले आभारी आहोत. निघण्यापूर्वी हे पत्रक एकदा सावकाश वाचावे आणि भारतातून आलेले आई-वडील किंवा सासू-सासरे सोबत येणार असतील तर त्यांनाही वाचून दाखवावे, ही विनंती. ओन्सेनमध्ये, म्हणजे नैसर्गिक गरम पाण्याच्या जपानी स्नानगृहात, पहिल्यांदा पाऊल ठेवताना आपल्या माणसांना जो संकोच वाटतो, तो बहुतांशी तिथली रीत ठाऊक नसल्यामुळे वाटतो, असा आमचा अनुभव आहे.

दिवसाची आखणी

हाकोनेला एका दिवसात डोंगरातली आगगाडी, केबल कार, रोपवे, आशी सरोवरातली बोट असे सगळे उरकून शेवटी अर्ध्या तासात ओन्सेनही करून घेण्याचा अनेकांचा बेत असतो. आम्ही तसे करत नाही. गर्दीतून धावपळ करून थकलेला माणूस गरम पाण्यात उतरला की त्याला विश्रांती मिळण्याऐवजी चक्कर येते. म्हणून आपली सहल हाकोने-युमोतो येथील एकाच स्नानगृहात होते. सकाळी एकदा स्नान, मग जेवण, तातामीच्या चटईवर तासभर आडवे होणे, आणि दुपारी पुन्हा एकदा स्नान, एवढाच कार्यक्रम आहे. टोकियोतल्या शिंजुकु स्थानकाहून ओदाक्यु कंपनीची रोमान्सकार ही आरक्षित गाडी सुमारे ८५ मिनिटांत थेट युमोतोला पोहोचवते. तिथून पुढे गोरा या ठिकाणाकडे जाणारा डोंगरी लोहमार्ग १९१९ साली सुरू झाला. तो दर हजार मीटरला ८० मीटर इतका चढतो आणि वाटेत तीन ठिकाणी गाडी उलट दिशेने वळवून घेतो. बोरघाटातल्या जुन्या रिव्हर्सिंग स्टेशनच्या गोष्टी ज्यांनी घरी ऐकल्या आहेत त्यांना तो अवश्य पाहावासा वाटेल, परंतु त्यासाठी वेगळी सवड काढावी. या साऱ्या वाहनांचा मिळून जो पास मिळतो, तोही कमीत कमी दोन दिवसांचाच असतो.

२ आणि ३ जानेवारी रोजी विद्यापीठांची हाकोने एकिदेन ही रिले शर्यत याच रस्त्यांवरून जाते. त्या दोन दिवशी आम्ही सहल नेत नाही.

पाणी

कोकणात गरम पाण्याच्या झऱ्याला उन्हाळे म्हणतात. राजापूरची उन्हाळे किंवा वज्रेश्वरीजवळची कुंडे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना जमिनीतून वर येणाऱ्या ऊन पाण्याची ओळख सांगायला नको. जपानमध्ये मात्र ‘ओन्सेन’ या शब्दाला कायद्याची व्याख्या आहे. १९४८ च्या ओन्सेन कायद्यानुसार उगमाशी २५ अंश सेल्सिअस किंवा त्याहून अधिक तापमान असलेले, अथवा ठरवून दिलेल्या १९ घटकांपैकी किमान एक घटक पुरेशा प्रमाणात असलेले पाणीच ओन्सेन ठरते. त्या पाण्याच्या रासायनिक तपासणीचा तक्ता दर्शनी भागात लावणे स्नानगृहाला बंधनकारक असते. पाण्यात साधे पाणी मिसळले आहे का, ते वेगळे तापवले आहे का, तेच पाणी गाळून पुन्हा फिरवले जाते का, हेही तिथे लिहिलेले असते. उगमाचे पाणी सतत आत येऊन काठावरून वाहून जात असेल तर त्याला ‘काकेनागाशी’ म्हणतात, आणि तसे पाणी असलेली जागा निवडण्याकडे आमचा कटाक्ष असतो.

युमोतोचे पाणी बहुधा सौम्य अल्कधर्मी, रंगहीन आणि वासरहित असते. हातावर घेऊन चोळले की कातडीला किंचित बुळबुळीत लागते. त्याउलट, वर ओवाकुदानीच्या ज्वालामुखी दरीतल्या वाफेत झऱ्याचे पाणी मिसळून तयार केलेले गढूळ पांढरे, गंधकाच्या वासाचे पाणी नळांतून गोरा व सेंगोकुहारा भागातल्या स्नानगृहांना पुरवले जाते. पूर्वी आम्ही तिकडे जात असू. तेव्हाचा एक प्रसंग मुद्दाम सांगतो. सोबतच्या एका ताईंनी सगळे दागिने उतरवले, मात्र जोडवी पायातच राहिली. दहा मिनिटांनी त्या बाहेर आल्या तेव्हा चांदीची ती जोडवी शाईत बुडवल्यासारखी काळी झाली होती. गंधकाशी संयोग होऊन चांदीवर सिल्व्हर सल्फाइडचा थर बसतो. सोनाराकडे पॉलिश करून ती पूर्ववत झाली, पण त्यांचा तो दिवस मात्र हिरमुसलेला गेला आणि आधी सूचना न दिल्याची आम्हाला आजही चुटपुट आहे. जोडवी, पैंजण, करदोटा, चांदीचा ताईत घरीच ठेवावा. मंगळसूत्र ज्यांना उतरवायचे नसेल त्यांनी आम्हाला आधी सांगावे, म्हणजे त्या दिवशीच्या पाण्याचा तक्ता पाहून आम्ही सल्ला देऊ.

स्नानाची रीत

दारातच पादत्राणे काढून खणात ठेवायची असतात. पुढे दोन कापडी पडदे दिसतील. पुरुषांच्या पडद्यावर 男 आणि स्त्रियांच्या पडद्यावर 女 हे चिन्ह असते. बहुधा पहिला निळा आणि दुसरा लाल असतो, परंतु काही ठिकाणी दोन्ही बाजूंची अदलाबदल होत असल्यामुळे दर वेळी चिन्ह पाहूनच आत जावे. आत स्त्रिया आणि पुरुष पूर्णपणे वेगळे असतात. मोबाइल आत नेण्यास सक्त मनाई आहे.

कपडे सगळे उतरवायचे असतात, पोहण्याचा पोशाखही चालत नाही. हे वाचून ज्यांचे पाऊल मागे येते त्यांना आम्ही मनापासून सांगतो की आतले वातावरण अतिशय शांत आणि सभ्य असते. आजी, आई आणि नात शेजारी शेजारी बसून पाठ चोळत असतात आणि कोणी कोणाकडे पाहत नाही. हातात जो लहान टॉवेल असतो तो चालताना अंगापुढे धरता येतो.

आपल्याकडे कुंडात उतरून अंग धुतात, इथे अंग धुऊन मग कुंडात उतरतात. सगळा फरक इथेच आहे. भिंतीलगतच्या ठेंगण्या स्टुलावर बसून शॉवरने, साबण लावून, डोक्यापासून पायापर्यंत स्वच्छ व्हावे. उभे राहून अंघोळ केल्यास शेजाऱ्यावर पाणी उडते. फेसाचा एक थेंबही अंगावर राहू देऊ नये, आणि उठताना स्टूल व घंगाळे विसळून जागेवर ठेवावे. लांब केस वर बांधावेत. मग ‘काकेयु’ म्हणजे कुंडातलेच पाणी आधी पायांवर, मग मांड्यांवर, मग खांद्यांवर घ्यावे, म्हणजे शरीराला उष्णतेची सवय होते. साधारणतः ४० ते ४२ अंशांचे हे पाणी प्रथम चटका दिल्यासारखे वाटते. हळूहळू उतरून निश्चल बसले की ते सुसह्य होते. टॉवेल पाण्यात बुडवू नये, घडी करून डोक्यावर ठेवावा. पहिल्या खेपेस पाच ते दहा मिनिटे पुरेत. थोडा वेळ काठावर बसून पुन्हा उतरावे. कपडे बदलण्याच्या खोलीत परतण्यापूर्वी पिळलेल्या टॉवेलने अंग निपटून घ्यावे, फरशी ओली करू नये.

सामायिक स्नान नकोच वाटत असेल तर ‘काशिकिरी’, म्हणजे एका कुटुंबापुरते भाड्याने मिळणारे स्नानगृह, आम्ही आगाऊ राखून देतो. साधारण सात वर्षांच्या पुढची मुले आईबरोबर आणि मुली वडिलांबरोबर सामायिक भागात जाऊ शकत नाहीत, त्यामुळे लहान मुले असलेल्या कुटुंबांना हा पर्याय विशेष सोयीचा पडतो. मासिक पाळीच्या दिवसांत कुंडात उतरू नये. त्याऐवजी केवळ पाय बुडवून बसण्याच्या ‘आशियु’चा आनंद घेता येईल.

अंगावर टॅटू असल्यास अनेक स्नानगृहे प्रवेश नाकारतात. आपल्या वडीलधाऱ्या स्त्रियांच्या हातावरचे पारंपरिक गोंदणही तिथल्या कर्मचाऱ्यांना टॅटूच वाटते. गोंदण लहान असेल तर त्वचेच्या रंगाची चिकटपट्टी लावून बऱ्याच ठिकाणी चालते. नोंदणीच्या वेळीच कळवल्यास आम्ही स्नानगृहाला विचारून ठेवतो, म्हणजे दारात आजींना अवघडल्यासारखे होणार नाही.

प्रकृती

हृदयविकार, अनियंत्रित रक्तदाब किंवा ताप असलेल्यांनी, तसेच गरोदर स्त्रियांनी आपल्या डॉक्टरांना विचारूनच यावे. मद्य घेऊन किंवा जेवल्या-जेवल्या पाण्यात उतरू नये. स्नानापूर्वी आणि नंतर पेलाभर पाणी प्यावे. वृद्ध व्यक्तीने एकट्याने उतरू नये, घरातले कोणी तरी जवळ असावे.

जेवण

युमोतोमध्ये तोफू आणि युबा उत्तम मिळतो. युबा म्हणजे सोयाबीनच्या दुधावर धरणारी साय. परंतु तो ज्या रस्सामध्ये शिजवतात, त्या ‘दाशी’त बहुधा सुकवलेल्या माशाचा अर्क असतो, आणि सोबा नूडल्सच्या रस्साचेही तसेच आहे. दिसायला शाकाहारी असलेला पदार्थ शाकाहारी असेलच असे नाही. आम्ही स्वयंपाकघराला जपानीत लेखी सूचना देतो, तरीही कटाक्षाने शाकाहार पाळणाऱ्यांनी घरचा डबा आणावा. स्नानगृहात बाहेरचे खाद्यपदार्थ चालत नसल्यास आपण हायाकावा नदीच्या काठी बसून जेवू. दुपारच्या स्नानानंतर काचेच्या बाटलीतले थंड दूध पिण्याची इथली जुनी पद्धत आहे, तो खर्च आमच्याकडे.

सोबत काय आणावे

एक लहान आणि एक मोठा टॉवेल, केस बांधण्यासाठी रबर, नेहमीची औषधे, शंभर येनची काही नाणी आणि ओले टॉवेल ठेवण्यासाठी प्लास्टिकची पिशवी एवढे पुरते. साबण व शाम्पू तिथे असतो. निशी-कासाई भागातून येणाऱ्यांनी तोझाई मार्गाने ओतेमाचीला उतरून मारुनोउची मार्गाने शिंजुकु गाठावे आणि गाडी सुटण्याच्या किमान २० मिनिटे आधी ओदाक्युच्या फाटकापाशी थांबावे. उशीर होत असल्यास आपल्या गटप्रमुखांना तत्काळ दूरध्वनी करावा, कारण रोमान्सकारमधले आसन त्याच गाडीपुरते राखलेले असते.