प्लॅस्टिकचे लघुसैनिक (जुळणी व रंगकाम)

युद्धखेळाच्या पटावर वापरण्यासाठी प्लॅस्टिकचे सुटे भाग जोडून आणि रंगवून तयार केलेल्या पायदळ सैनिकांच्या छोट्या मूर्ती. या नोंदीत मुख्यतः दुसऱ्या महायुद्धातील (१९३९–४५) पायदळाचा विचार केला आहे. काचेच्या कपाटात ठेवायची प्रतिकृती आणि पटावरचा सैनिक या दोन वेगळ्या वस्तू होत. पहिली डोळ्यांजवळ नेऊन निरखायची असते, तर दुसरा बोटांनी उचलून सरकवायचा आणि एरवी सुमारे मीटरभर अंतरावरून पाहायचा असतो. भागांची जाडी, रंगांची निवड आणि मापांविषयीचे वाद बहुतांशी या फरकातून उद्भवतात.

पूर्वपीठिका : युद्धखेळ आणि खेळण्यातले सैनिक यांचे उगम वेगवेगळे आहेत. प्रशियात थोरल्या राइसविट्झने १८१२ मध्ये राजापुढे मांडलेल्या आणि त्याच्या मुलाने १८२४ मध्ये नियमबद्ध केलेल्या ‘क्रीगश्पील’मध्ये सैन्यतुकड्या ठोकळ्यांनी दाखवीत, त्यात माणसाची आकृती नव्हती. आकृती आली ती खेळण्यांच्या बाजूने. न्यूरेंबर्गच्या हिल्पर्ट घराण्याने अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात कथिलाचे चपटे सैनिक ओतले. लंडनच्या ब्रिटन कंपनीने १८९३ पासून शिशाचे पोकळ ओतीव सैनिक विकायला सुरुवात केली. हे दोन प्रवाह एकत्र आणण्याचे श्रेय सामान्यतः एच. जी. वेल्स यांना दिले जाते. त्यांनी १९१३ मध्ये अशा सैनिकांनी जमिनीवर खेळायच्या लढाईचे नियम प्रसिद्ध केले. त्यांच्या खेळात स्प्रिंगच्या तोफांनी सैनिक प्रत्यक्ष पाडायचे असल्याने मूर्तीचे माप आणि प्रमाण यांना फारसे महत्त्व नव्हते, हे येथे ध्यानात घ्यावे.

प्लॅस्टिकचा पहिला सैनिक कोणाचा, याबद्दल एकमत नाही. अमेरिकेत ‘बर्गन’ कंपनीने सुमारे १९३८ पासून प्लॅस्टिकचे सैनिक काढले. ब्रिटिश लेखक ‘हेरल्ड’ या नावाने १९५० नंतरच्या काही वर्षांत निघालेल्या, रॉय सेल्विन-स्मिथ यांनी घडविलेल्या मूर्तींना अधिक महत्त्व देतात. केवळ कालक्रम पाहिल्यास पहिला दावा सरस ठरतो. पण युद्धखेळाच्या दृष्टीने खरे वळण १९५९ चे मानणे अधिक योग्य वाटते. त्या वर्षी एअरफिक्स कंपनीने आगगाडीच्या प्रतिकृतींशेजारी शोभतील असे छोटे मऊ प्लॅस्टिकचे संच बाजारात आणले आणि लवकरच त्यांत महायुद्धातील पायदळ आले. एका डबीत पलटणीपुरती माणसे मिळू लागली. शिशाच्या खेळण्यांवरील निर्बंधांमुळे १९६६ च्या सुमारास ब्रिटनमधील पोकळ ओतीव सैनिक मागे पडले.

हे मऊ प्लॅस्टिक म्हणजे पॉलिथिलीन. त्याला गोंद धरत नाही, आणि संगीन जराशी वाकली की रंगाचा पापुद्रा निघतो. आज प्रचारात असलेले सुट्या भागांचे पायदळ कडक पॉलिस्टायरीनचे असते. जपानच्या तामिया कंपनीने १९६८ पासून १:३५ प्रमाणातील लष्करी मूर्तींची मालिका काढली, पण ती प्रदर्शनासाठी होती. पटावरच्या २८ मिमी. मापात कडक प्लॅस्टिकचा प्रसार एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकाच्या अखेरीस झाला. मूर्तिकार पेरी बंधूंची कंपनी आणि २००७ मध्ये नॉटिंगहॅम येथे स्थापन झालेली वॉरलॉर्ड गेम्स यांचा त्यात मोठा वाटा आहे. वॉरलॉर्डने ऑस्प्रे या प्रकाशनसंस्थेच्या साथीने २०१२ मध्ये काढलेल्या ‘बोल्ट अॅक्शन’ नियमांनी दहाबारा जणांच्या काही तुकड्यांचा खेळ रूढ केला.

माप आणि प्रमाण : ‘२८ मिमी.’ हे माप आहे, प्रमाण नव्हे. या दोहोंची गल्लत फार होते. माप तळव्यापासून डोक्याच्या माथ्यापर्यंत घ्यायचे की डोळ्यांपर्यंत, हा जुना वाद आहे. १.७५ मी. उंचीचा माणूस माथ्यापर्यंत २८ मिमी. धरला तर प्रमाण १:६२.५ येते. डोळ्यांपर्यंत धरला, तर डोळ्यांची उंची सुमारे १.६३ मी. असल्याने ते १:५८ च्या आसपास येते. या मूर्तींसोबत विकले जाणारे रणगाडे मात्र बहुधा १:५६ चे असतात आणि त्या हिशेबाने माणूस ३१ मिमी.चा व्हायला हवा. डोळ्यांपर्यंत मोजण्याची पद्धत अधिक सोयीची दिसते, कारण हेल्मेटखालचा माथा मूर्तिकाराने कोठे कल्पिला आहे हे बाहेरून कळत नाही. त्यातही बैठकीची (मूर्तीच्या पायाखालच्या चकतीची) दोन-तीन मिमी. जाडी मिळाली, की रणगाड्याशेजारी उभा सैनिक पुन्हा उंच दिसतो, आणि सारा हिशेब कागदावरच राहतो.

एअरफिक्सच्या जुन्या संचांवरील ‘एचओ/ओओ’ ही खूण तर स्वतःशीच विसंगत आहे. रेल्वे-प्रतिकृतींत ओओ म्हणजे फुटाला ४ मिमी. (सुमारे १:७६) आणि एचओ म्हणजे ३.५ मिमी. (१:८७), तोच माणूस एकात २३, तर दुसऱ्यात २० मिमी. होतो. पुढे हेच संच १:७२ म्हणून विकले गेले. १:३५ हे प्रमाणही आधी ठरवून आलेले नाही : तामियाच्या सुरुवातीच्या पँथर रणगाड्यात मोटर व बॅटरी मावेल एवढे आकारमान घेतले गेले, आणि नंतर मोजता ते या प्रमाणाजवळ निघाले.

प्रमाण काटेकोर पाळणेही शक्य नसते. जर्मन कार ९८के रायफलची लांबी १.११ मी.; १:५६ मध्ये ती २० मिमी. होईल, पण नळीची जाडी पाव मिलिमीटरच्या आसपास येईल आणि पहिल्याच डावात ती मोडेल. म्हणून शस्त्रे जाड करतात आणि ती शोभावीत म्हणून हात व डोकीही थोडी मोठी घेतात.

जुळणी : पोलादी साच्याचे दोन अर्धे सरळ रेषेत उघडतात, त्यामुळे आत वळलेला खोलगट भाग त्यातून सुटत नाही. एकसंध मूर्तीत रायफल आणि छाती यांमधली पोकळी प्लॅस्टिकने भरून जाते ती यामुळेच. यावर उपाय म्हणजे धड, हात, डोके, शस्त्र, पाठपिशवी सुटी ओतणे. हे भाग स्प्रू नावाच्या चौकटीला चिकटलेले येतात. ते कटरने थोडे दूर कापून उरलेला खुंट सुरीने काढतात. साच्याची शिवण (दोन अर्ध्यांच्या सांध्याची उमटलेली रेघ) सुरीच्या पात्याने कापायची नसते, खरवडायची असते. रंगाआधीचे अस्तर (प्रायमर) दिल्यावर राहिलेली शिवण ठळक दिसते. साचा सुटावा म्हणून लावलेल्या तेलकट थराचा अंश राहू नये यासाठी चौकट आधी साबणाच्या कोमट पाण्यात धुतात.

पॉलिस्टायरीनचे भाग जोडणारा ‘सिमेंट’ हा खऱ्या अर्थाने गोंद नव्हे. त्यातील विद्रावक दोन्ही पृष्ठभाग विरघळवतो आणि ते एकजीव होतात. रायफल दोन्ही हातांनी धरलेली असल्यास दोन्ही हात सिमेंट ओला असतानाच बसवावे लागतात. एक सुकल्यावर दुसरा मुठीपर्यंत पोचत नाही. त्यापूर्वी भाग कोरडेच जुळवून पाहावेत. खांद्याची फट पुष्कळदा पट्ट्याखाली वा पाठपिशवीखाली लपते.

डोके निवडताना काळ पाहावा लागतो. १९४१–४२ मध्ये फिलिपीन्समध्ये लढलेल्या अमेरिकन सैनिकांच्या डोक्यावर पहिल्या महायुद्धाच्या धाटणीचे उथळ एम१९१७ हेल्मेट होते, ओळखीचे एम१ नव्हे. सोव्हिएट सैन्यात जानेवारी १९४३ मध्ये खांदेपट्ट्या परत आल्या आणि सदऱ्याची कॉलर उभी झाली. जुने सदरे त्यानंतरही अंगावर होतेच, म्हणून कुर्स्कच्या (१९४३) तुकडीत दोन्हींची सरमिसळ चालते, स्टालिनग्राडच्या आरंभीच्या (१९४२) तुकडीत चालत नाही.

रंगकाम : अॅक्रिलिक रंग उघड्या प्लॅस्टिकवर टिकत नाही, म्हणून आधी अस्तराचा पातळ हात फवारतात. त्यावर मूळ रंग, मग घड्यांत उतरणारा गडद पातळ ‘वॉश’ आणि शेवटी कडांवर उजळ रंग, हा रूढ क्रम. आतून बाहेर, म्हणजे त्वचा, कपडे, पट्टे, शस्त्र असे रंगविल्यास चुका पुढच्या रंगाखाली झाकल्या जातात.

सर्वांत अधिक शाई खर्ची पडली आहे ती जर्मन गणवेशाच्या ‘फेल्डग्राऊ’ रंगावर. शब्दाचा अर्थ ‘रणकरडा’ असला तरी युद्धारंभीचे कापड हिरवट होते आणि कॉलर गडद हिरवी. १९४० पासून कॉलर अंगरख्याच्याच कापडाची झाली. लोकरीचे प्रमाण घटून रेयॉन वाढले तसे कापड करडे होत गेले, आणि १९४४ च्या अंगरख्यात तपकिरी छटा आली. त्यात ऊनपावसाची भर पडते. तेव्हा एकाच बाटलीतला ‘अचूक’ रंग सगळ्या तुकडीला लावणे हीच चूक ठरते. दोन-तीन छटा मिसळणे वस्तुस्थितीला अधिक धरून आहे.

छोट्या मूर्तीवर रंग मूळ कापडापेक्षा उजळ घ्यावा, हे सर्वमान्य आहे. कारणाबद्दल मतभेद आहेत. एक पक्ष दूरच्या वस्तू हवेमुळे फिकट दिसतात हे कारण देतो. पण २८ मिमी.ची मूर्ती मीटरभरावरून साधारण ६० मीटरवरच्या माणसाएवढी भासते, आणि स्वच्छ हवेतल्या एवढ्या अंतराने रंग फारसा फिका पडत नाही. दिव्याखाली छोट्या उठावांवर पुरेशा सावल्या पडत नाहीत, म्हणून रंगाने त्या घालाव्या लागतात आणि त्यांच्या जोडीला मूळ रंग उजळावा लागतो, हे दुसऱ्या पक्षाचे म्हणणे अधिक पटण्यासारखे आहे. याच हिशेबाने डोळे रंगविण्याचा प्रश्नही सुटतो : ६० मीटरवरच्या माणसाच्या डोळ्यांतले पांढरे दिसत नाही, भुवईखालची सावली दिसते. स्पर्धेसाठी रंगविणारे अर्थात हे मानीत नाहीत.

अखेरीस बैठकीवर वाळू व कृत्रिम गवत चिकटवतात आणि मॅट वार्निश देतात. दमट हवेत फवारल्यास या वार्निशवर पांढुरकी झाक येते; ती बहुधा चकाकीच्या वार्निशच्या एका हाताने जाते आणि मग त्यावर कोरड्या दिवशी पुन्हा मॅट द्यावे लागते.