रेडफिश की ब्लॅक ड्रम? आधी हनुवटी बघा

टेक्सासच्या किनाऱ्यावर रॉकपोर्टजवळ, उजाडता उजाडता, गुडघाभर खाऱ्या पाण्यातून एक शेपूट वर येतं आणि तिथल्या तिथे हलत राहतं. मासा तोंड तळाला लावून खेकडे हुडकत असतो. पाणी फूट-दीड फूट, त्यामुळे डोकं खाली गेलं की शेपूट बाहेर. मासे गरवायला घेऊन जाणारे गाइड लोक याला ‘टेलिंग’ म्हणतात. बोटीच्या नाळेवर रॉड घेऊन उभं राहिलेल्याला आता चटकन ठरवायचं असतं, की हे शेपूट रेडफिशचं आहे की ब्लॅक ड्रमचं. कारण दोघांपुढे आमिष टाकायची रीत वेगळी, पकडल्यावरचा कायदा वेगळा आणि खायचे असतील तर मापही वेगळं.

आधी नावांचा गुंता सोडवू. रेडफिशचं पुस्तकी नाव रेड ड्रम. म्हणजे दोघेही ‘ड्रम’च, आणि एकाच कुळातले. हे कूळ आपल्याला परकं नाही. आपली घोळ आणि ढोमा याच कुळातले. या माशांच्या पोटात हवेची पिशवी असते, आणि तिच्या बाजूचे स्नायू थरथरवून मासा ढोल बडवल्यासारखा आवाज काढतो. ड्रम हे नाव त्यावरूनच आलं. फ्लोरिडात केप कोरल नावाचं कालव्यांचं गाव आहे. तिथे विणीच्या दिवसांत ब्लॅक ड्रमचा आवाज रात्री घरांच्या भिंतींतून ऐकू येतो, आणि हा आवाज माशांचा आहे हे लोकांना आधी पटतही नव्हतं. नावांचा घोळ इथेच संपत नाही. नॉर्थ कॅरोलिनात ‘पपी ड्रम’ म्हटलं की लहान रेडफिश; टेक्सासात तोच शब्द लहान ब्लॅक ड्रमसाठी. दोन राज्यांतले दोन मित्र फोनवर बोलत असतील तर दोघांच्या डोळ्यांसमोर दोन वेगळे मासे असतात.

आता ओळख. नवा माणूस रंग बघतो आणि तिथेच फसतो. रेडफिश सहसा तांब्याच्या भांड्यासारखा दिसतो, हे खरं. पण पांढऱ्या वाळूवर राहिलेला फिकट रुपेरी निघतो आणि गढूळ पाण्यातला गडद तपकिरी. ब्लॅक ड्रमही काळाच असतो असं नाही. कितीतरी नुसते राखाडी असतात, आणि सकाळच्या तिरप्या उन्हात त्यांच्या खवल्यांवर पितळी झाक मारते. शेपटीच्या बुडाशी काळा ठिपका ही रेडफिशची प्रसिद्ध खूण. तीही दर वेळी साथ देत नाही. कुणाला एका बाजूला एक, दुसऱ्या बाजूला तीन; कुणाला डझनभर; आणि अधूनमधून ठिपकाच नसलेला रेडफिशही मिळतो.

म्हणून मासा हातात आला की उलटा करून हनुवटी बघायची. ब्लॅक ड्रमच्या खालच्या जबड्याखाली आखूड, मऊ मिशांची झालरच असते. रेडफिशची हनुवटी साफ गुळगुळीत. ही खूण रंगासारखी पाण्याप्रमाणे बदलत नाही आणि वयाबरोबर पुसलीही जात नाही. लहान ब्लॅक ड्रमच्या अंगावर चार-पाच काळे उभे पट्टे असतात, पण मोठा होता होता ते विरतात. (पट्टे असलेला आणि माणसासारखे पुढचे दात असलेला मासा आला, तर तो शीप्सहेड, तिसराच प्रकार.) अंगलटीतही फरक आहे. ब्लॅक ड्रमची पाठ उंच, कमानदार, रेडफिश लांबट.

पण हे सगळं मासा हातात आल्यावरचं. उथळ पाण्यातल्या गरवण्याची खरी कसोटी त्याआधीची असते. गाइड मागे इंजिनावरच्या उंच चौथऱ्यावर उभा राहून लांब काठीने बोट रेटतो. इंजिन बंद. बोटीचं नाक म्हणजे बारा वाजले, असं धरून तो दिशा सांगतो : ‘‘अकरा वाजता, चाळीस फूट, उजवीकडे चाललाय.’’ तो तीन-चार फूट वरून बघत असतो, डोळ्यांवर पोलराइज्ड चष्मा, म्हणून त्याला जे दिसतं ते आपल्याला दिसत नाही. त्याने आकडा सांगितला की तिथे टाकायचं; स्वतः मासा शोधत बसलात तर मासा गेला.

रॉड सात फुटी, हलका. त्यावर दहा-पंधरा पौंडी वेणीची दोरी आणि टोकाला वीस पौंडी पारदर्शक दोरीचा फूट-दोन फुटांचा तुकडा. पाव औंसाचा, गवतात न अडकणारा सोनेरी चमचा (चमच्याच्या आकाराचं, लकाकणारं धातूचं आमिष) किंवा औंसाच्या आठव्या हिश्शाच्या शिशाच्या डोक्यावर बसवलेलं रबरी आमिष. एवढं हलकं सामान हौस म्हणून घेत नाहीत. फूटभर पाण्यात जड शिसं पडलं की धोंडा पडल्यासारखा आवाज होतो आणि आजूबाजूचे सगळे मासे पाण्यावर फुगवटा उठवत पसार होतात.

रेडफिश चरतो लगबगीने. शेपटाला बऱ्याचदा निळसर किनार दिसते, ते झटके देत हलतं, मध्येच थांबतं, पुढे सरकतं. तो नजरेनेही शिकार करतो. बोय माशांचा थवा उधळला तर मागे धावतो. त्याच्यापुढे चार फुटांवर आमिष टाकायचं आणि त्याच्या वाटेवरून ओढत न्यायचं. बघितलं की तो वळतो, आणि पाठीमागे पाण्याचा पंखा उमटतो. ब्लॅक ड्रमचं शेपूट राखाडी-काळं, रुंद, आणि ते सावकाश डुलतं. त्याचा भरवसा वासावर आणि त्या मिशांवर. मिशा तळाला लावून तो चाचपत जातो, आणि घशातल्या सपाट दाढांनी कालवं शिंपल्यांसकट फोडून खातो. चमचा त्याच्या नाकासमोरून नेला तरी बऱ्याचदा त्याला पत्ता नसतो. त्याला कोळंबी किंवा अर्धी चिंबोरी लावून, अगदी तोंडाजवळ, तळावर निवांत पडू द्यावी लागते.

माझ्या पहिल्या सहलीत मी हे उलटं केलं. शेपूट दिसलं, रेडफिश समजून सात वेळा चमचा ओढला. मासा तसाच चरत राहिला आणि प्रत्येक फेकीगणिक माझ्या हाताची घाई वाढत गेली. गाइडने काठी चिखलात रोवली, बोट थांबवली आणि म्हणाला, ‘‘तो ड्रम आहे. त्याला बघायला लावू नकोस, हुंगू दे.’’ कोळंबीचा तुकडा लावला, शेपटापासून हातभर पुढे सोडला आणि हात आवरला. एक, दोन, तीन म्हणेपर्यंत दोरी हळूच ताठ झाली. रेडफिशची पहिली धाव सुसाट असते, रील किंचाळते. ड्रम नुसता जड होऊन मान हलवत चालू लागतो. दोन्ही सुखं मला प्रिय आहेत, पण पहिल्या दिवशी कळलेली ती संथ ओढ मला जास्त आठवते.

मापाची पट्टी बोटीत ठेवायचीच. टेक्सासात रेडफिश 20 ते 28 इंच लांबीचेच ठेवता येतात, दिवसाला माणशी तीन. 28 इंचांवरचा ठेवायचा तर परवान्यासोबत मिळणारा टॅग त्याला लावावा लागतो. ब्लॅक ड्रमचं माप 14 ते 30 इंच, दिवसाला पाच. म्हणजे 16 इंची ब्लॅक ड्रम घरी नेता येतो, आणि 16 इंची रेडफिश नेला तर गुन्हा. फ्लोरिडात आकडे आणखी वेगळे. तिथल्या इंडियन रिव्हर लगूनमध्ये 2022 साली रेडफिश पकडून सोडूनच द्यायचा नियम आला. नियम बदलतात, म्हणून निघायच्या आदल्या रात्री सरकारी पान उघडून बघावंच. आणि टेक्सासात गाइड सोबत असला तरी मोठ्या माणसांना परवाना स्वतःचा लागतो.

हे माप उगाच ठरलेलं नाही. 28 इंचांचा रेडफिश म्हणजे नुकता वयात येणारा. त्यानंतर तो खाडी सोडून मेक्सिकोच्या आखातात जातो आणि पुढची कित्येक वर्षं वीण घालतो. नॉर्थ कॅरोलिनात 1984 साली पकडलेला विक्रमी रेडफिश 94 पौंड 2 औंसांचा होता. ब्लॅक ड्रमचा विक्रम 1975 चा, डेलावेअरमधला, 113 पौंड 1 औंस. 1980 च्या दशकात न्यू ऑर्लीन्सच्या पॉल प्रुडोम या शेफने मसाला लावून तव्यावर काळा केलेला रेडफिश देशभर गाजवला, आणि आखातातले मोठे विणीचे थवेच्या थवे जाळ्यांनी उपसले जाऊ लागले. टेक्सासने 1981 मध्येच जंगली रेडफिशची विक्री बंद केली होती. पुढे अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या ताब्यातल्या समुद्रातही तो पकडणं थांबलं. आज टेक्सासातल्या दुकानात रेडफिश मिळाला तर तो शेततळ्यात वाढवलेला असतो. ब्लॅक ड्रम मात्र अजून खाडीतून थेट बाजारात येतो.

स्वयंपाकघरात मला दोन्ही सारखेच आवडतात, पण ड्रम लहानच घ्यावा. मोठ्याचं मांस भरड, आणि त्यात पांढरे लांब जंत निघतात. शिजवल्यावर ते निरुपद्रवी असतात, तरी बघून जेवण जात नाही. रेडफिशचे खवले इतके जाड की तिथले लोक ते काढतच नाहीत. खवल्यांची बाजू खाली ठेवून जाळीवर भाजतात आणि मांस चमच्याने उचलून खातात.

माझी आई रेवदंड्याची. ती ह्यूस्टनला आली तेव्हा दोन्ही मासे ओट्यावर ठेवले, एकेक. खवल्यांवर सुरी बोथट झाल्यावर तिने डोकी वेगळी करून फोडली, बोटाने आत चाचपलं, आणि प्रत्येकाच्या डोक्यातले दोन-दोन असे चार पांढरे खडे (माशाच्या कानातले) काढून नळाखाली धरले. ढोम्याच्या डोक्यात असतात तसेच, फक्त कितीतरी मोठे. ‘‘अरे, ही तर आपल्याकडचीच माणसं,’’ म्हणाली, आणि खडे पुसून खिडकीत ओळीने मांडले.