दात उपटायचा की सोडवायचा?

‘दाढ उपटून टाकली’ असं आपण सहज म्हणतो. पण दात हाडात खिळ्यासारखा ठोकलेला नसतो. मूळ आणि हाडाची खोबण यांच्यामध्ये जेमतेम पाव मिलिमीटर फट असते, तिच्यात तंतूंचं जाळं असतं आणि दात त्या जाळ्यावर तोललेला असतो. ते तंतू सुटले, खोबण किंचित सैलावली, की फारसं ओढावं लागतच नाही.

जुन्या जाणत्यांना हे ठाऊक होतं. पहिल्या शतकातला रोमन लेखक सेल्सस सांगतो, आधी दाताभोवतीची हिरडी सोडवा, मग दात हलवत राहा. घट्ट दात ओढणं धोक्याचं. किडून पोकळ झालेला दात चिमट्यात चुरडू नये म्हणून त्यात आधी शिसं भरायलाही तो सांगतो. इ.स. १००० च्या सुमारास स्पेनमधल्या कॉर्डोबाच्या अल-जहरावी या शल्यवैद्यानेही हाच क्रम दिला आणि घाई करू नका असं बजावलं. आपल्या सुश्रुतसंहितेत दंतशंकू हे शस्त्र आहे. शिवाय वरचा दात हलत असला तरी वैद्याने तो काढू नये, असा कडक इशाराही आहे, भीती अतिरक्तस्रावाची.

पुढे युरोपात हा संयम हरवला. चौदाव्या शतकापासून दात उपटायचं ‘पेलिकन’ हे हत्यार वापरात आलं, पेलिकन पक्ष्याच्या चोचीसारखं. अठराव्या शतकात दाराच्या किल्लीसारखी ‘टूथ की’ आली. तिचा आकडा दाताला अडकवायचा, दांड्याचा फुगीर भाग हिरडीवर टेकवायचा आणि कुलूप उघडावं तशी मूठ पिळायची. दात आडवा उखडला जायचा. टेकू हिरडीचाच, त्यामुळे ती चेचली जायची, मूळ आत तुटून राहायचं, कधी हाडाचा तुकडाही सोबत यायचा. भूल नव्हती, एका झटक्यात काम उरकणं हीच दया मानली जायची, हे खरं. तरीही ही किल्ली शंभरावर वर्षं टिकली याचं मला वाईट वाटतं.

१८४० च्या सुमारास लंडनचे दंतवैद्य जॉन टोम्स यांनी आधी दाताकडे नीट पाहिलं. एव्हरार्ड या कारागिराकडून त्यांनी प्रत्येक प्रकारच्या दाताच्या मानेवर बसतील असे फोर्सेप्स, म्हणजे दात धरायचे चिमटे, घडवून घेतले. आजही वरच्या दाढेच्या फोर्सेप्सची एकच चोच टोकदार असते आणि ती गालाकडे धरतात, कारण गालाकडे दोन मुळं असतात आणि टोक त्यांच्या बेचक्यात बसतं. टाळूकडे एकच मूळ, म्हणून ती चोच गोल. त्यामुळे उजव्या-डाव्या बाजूचे फोर्सेप्सही वेगळे.

हात शहाणा झाला, पण वेळ मिळाला तो भुलेमुळे. १८४४ मध्ये अमेरिकेत हार्टफर्डला दंतवैद्य होरेस वेल्स यांनी नायट्रस ऑक्साइड हा गुंगी आणणारा वायू हुंगून स्वतःची दाढ काढून घेतली. १८४६ मध्ये बोस्टनला भुलेसाठी ईथर आला, १८८४ मध्ये कोकेनने जागा बधिर करता येऊ लागली. मग एलिव्हेटर, म्हणजे दात उचकटायची छोटी पहार, सावकाश फिरवून दात सैल करण्याइतकी उसंत मिळाली.

हाडाची किंमत मात्र इम्प्लांटने, म्हणजे हाडात रोवलेल्या कृत्रिम दाताच्या मुळाने, शिकवली. स्वीडनमध्ये ब्रोनेमार्क यांनी १९६५ मध्ये पहिल्या रुग्णाच्या जबड्यात टायटॅनियमचे स्क्रू बसवले. दात गेल्यावर तिथलं हाड तसंही झिजतं, वर्षभरात त्याची रुंदी निम्म्यावर येऊ शकते. त्यात गालाकडची पातळ भिंत दात काढतानाच मोडली तर स्क्रू रोवायचा कशात? म्हणून आता पेरिओटोमचं कागदासारखं पातळ पातं मुळाच्या कडेने त्या पाव मिलिमीटरच्या फटीत सरकवतात आणि एकेका बाजूचे तंतू कापत खाली जातात.