गिटार घोटणं आणि गाणं वाजवणं

रोज तासभर गिटार हातात असते, पण तीन महिन्यांपूर्वी गाणं जिथे अडायचं तिथेच आजही अडतं. नवशिक्यांची ही हमखास तक्रार. बहुतेक वेळा झालेलं असतं एवढंच, की गाणं वाजवण्यालाच सराव समजलेलं असतं. बघणाऱ्याला दोन्ही सारखंच दिसतं. फरक कळतो तो चुकल्यावर. सरावात चुकलं की थांबायचं, गाण्यात चुकलं तरी थांबायचं नाही.

सी, ए मायनर, एफ, जी हे चार कॉर्ड्स, म्हणजे एकत्र वाजणारे स्वरांचे गट. एवढ्यावर ढीगभर गाणी निघतात आणि अडतात ती एफवर. गाणं पहिल्यापासून कितीही वेळा वाजवा, हात दरवेळी तोच घोटाळा पक्का करतो: ए मायनरची तिन्ही बोटं उचलायची, जागा चाचपायची, तोवर उजवा हात ताटकळत. खरं तर चार तारांच्या छोट्या एफसाठी पहिलं बोट उचलावंच लागत नाही. ते दुसऱ्या तारेवर, पहिल्या फ्रेटमध्ये (दांडीवरच्या आडव्या पट्ट्यांनी पडलेल्या पहिल्या घरात) असतंच. फक्त जरा आडवं करून पहिली तारही त्याखाली घ्यायची. मधलं बोट चौथ्या तारेवरून तिसरीवर येतं. अनामिका तिसरीवरून चौथीवर जाते, एक फ्रेट पुढे. मेट्रोनोम (ठरावीक लयीत टिकटिक करणारं यंत्र) मिनिटाला ६० वर लावून चार मात्रा ए मायनर, चार मात्रा एफ, अशी पाच मिनिटं. अडखळलं तर ५० वर या. हे घोटणं. ऐकायला कंटाळवाणं, घरच्यांना तर फारच.

असं एकच गोष्ट धरून घोटणं जुनंच आहे. इटालियन गिटारवादक माउरो जुलियानी याने १८१२ साली प्रसिद्ध केलेल्या उजव्या हाताच्या १२० धड्यांत डाव्या हाताला दोनच कॉर्ड्स आहेत, सी आणि जी सेव्हन. डावीकडे नवं काहीच नाही, म्हणजे सगळं लक्ष उजवीकडे.

उलट टोकाचेही भेटतात. एक-दोन-तीन-चार असा बोटांचा व्यायाम सहाही तारांवर सुसाट, पण एक गाणं सलग वाजवून दाखव म्हटलं की गडबड. चुकलं की थांबायची सवय हाताला लागलेली. सोबत कुणी गायला लागलं की लय सुटलीच. गाणं वाजवताना शिकायचं ते नेमकं हेच. एफ फसला, फसू दे. उजवा हात खाली-वर चालूच ठेवायचा आणि पुढच्या समेला जी गाठायचा.

माझ्या मते पहिल्या वर्षी गाण्याचंच पारडं जड हवं. अर्ध्या तासात दहा मिनिटं घोटणं पुरे, आणि तेही त्याच गाण्यातल्या अडलेल्या जागेचं. नेटवरून उचललेले बाकीचे व्यायाम तूर्त बाजूला. शेवटी गाणं न थांबता एकदा मोबाइलवर रेकॉर्ड करून ऐका. जिथे ठेच लागलेली ऐकू येईल, उद्याची दहा मिनिटं तिथली.