करवत, कसरत आणि न वाढणारा वेग

करवत आणि कसरत हे दोन शब्द घ्या. दोन्हीतली हवी ती अक्षरं गाळायची मुभा आहे, उरलेल्यांचा क्रम मात्र हलवायचा नाही, आणि शेवटी दोन्हीकडे सारखंच काहीतरी उरलं पाहिजे. जास्तीत जास्त किती अक्षरं वाचतील? करवतमधला व काढा, कसरतमधला स काढा, दोन्हीकडे 'करत' उरतं. म्हणजे तीन. अशा उरलेल्या अक्षरांच्या माळेला सबसिक्वेन्स म्हणतात. अक्षरं शेजारी-शेजारी नसली तरी चालतात, क्रम तोच हवा.

एखादा शब्द दुसऱ्यात सबसिक्वेन्स म्हणून आहे का एवढंच बघायचं असेल तर काम एकदम सोपं. मोठ्या शब्दावर डावीकडून उजवीकडे एकदा जायचं, हवं ते अक्षर पहिल्यांदा दिसलं की लगेच उचलायचं आणि पुढचं शोधायला लागायचं. लवकर उचलल्याने कधीच तोटा होत नाही, कारण पुढे शोधायला तेवढी जास्त अक्षरं शिल्लक राहतात. लाखभर अक्षरं असली तर फार तर लाखभर पावलं, झालं.

पण दोघांतला सगळ्यात लांब सामाईक सबसिक्वेन्स शोधायचा म्हटलं की गंमत सुरू होते. प्रत्येक अक्षर ठेवायचं किंवा गाळायचं असे दोन पर्याय, म्हणजे करवतमधूनच २ × २ × २ × २ = १६ निवडी निघतात आणि १०० अक्षरांच्या स्ट्रिंगमधून (स्ट्रिंग म्हणजे अक्षरांची माळ) निघणारा आकडा तब्बल ३१ अंकी असतो, त्यामुळे एकेक तपासत बसणं विसराच.

यावरची सुंदर युक्ती अशी: शेवटच्या अक्षरांकडे बघा. करवत, कसरत, दोन्हीकडे त. तो एक गुण घेतला, आता 'करव' आणि 'कसर' उरले. इथे व आणि र जुळत नाहीत, म्हणजे दोघांपैकी एकाला तरी जावंच लागणार. व टाकला तर 'कर' आणि 'कसर' यांचं उत्तर २, र टाकला तर 'करव' आणि 'कस' यांचं उत्तर १, त्यातला मोठा घ्यायचा, २ + १ = ३. अशी सगळी छोटी उत्तरं एका टेबलात लिहून ठेवली की तोच हिशोब परत करावा लागत नाही. चार गुणिले चार, फक्त १६ घरं. हे टेबल १९७४ साली रॉबर्ट वॅग्नर आणि मायकेल फिशर यांनी एडिट डिस्टन्ससाठी, म्हणजे एका शब्दाचा दुसरा करायला कमीत कमी किती बदल लागतात ते मोजायला मांडलं, आणि प्रोटीन जुळवून बघायला जवळपास हीच रीत सॉल नीडलमन आणि ख्रिश्चन वुन्श यांनी १९७० मध्येच वापरली होती.

अडचण एकच, स्ट्रिंग दुप्पट झाली की काम चौपट होतं, म्हणजे काम लांबीच्या वर्गाच्या (लांबी × लांबी) हिशोबाने वाढतं. माणसाच्या जीनोममध्ये सुमारे ३ अब्ज अक्षरं असतात, असे दोन जीनोम समोरासमोर ठेवले तर घरं होतात ९ वर १८ शून्यं, आणि सेकंदाला एक अब्ज घरं भरणारा कॉम्प्युटर लावला तरी साधारण २८५ वर्षं लागतील! म्हणून १९९० चा ब्लास्ट हा डीएनए आणि प्रोटीन जुळवणारा प्रोग्रॅम पूर्ण टेबल भरतच नाही, छोटे जुळणारे तुकडे शोधून तिथूनच पुढे वाढवत जातो आणि काही जुळण्या हुकण्याचा धोका पत्करतो. युजीन मायर्स यांनी १९८६ मध्ये दाखवलं की दोन फाइल बऱ्याचशा सारख्या असतील तर फरक जितका कमी तितकं काम कमी करता येतं, आणि प्रोग्रॅमच्या जुन्या-नव्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या गिटमध्ये दोन व्हर्जनमधला फरक बघताना आपण त्याचाच फायदा घेतो. पण स्ट्रिंग खरंच वेगळ्या असल्या की मायर्सची पद्धतही परत त्या वर्गाच्या हिशोबावरच येते.

मग सगळ्याच स्ट्रिंगसाठी चालणारं काहीतरी खरंच वेगवान का सापडत नाही? १९८० मध्ये विल्यम मासेक आणि माइक पॅटरसन यांनी लॉगइतकी (लांबीच्या लॉगॅरिदमइतकी, म्हणजे अगदी थोडी) बचत करून दाखवली, त्यानंतर मोठी उडी नाही. आणि २०१५ मध्ये याचं कारण सापडलं, जे मला या सगळ्या विषयातलं सगळ्यात देखणं काम वाटतं. कारण येतं एका वेगळ्याच प्रश्नातून, सॅटमधून: ढीगभर अटी दिल्यात, व्हेरिएबलची संख्या 'न' धरू, प्रत्येकाला खरं किंवा खोटं ठरवून सगळ्या अटी पाळता येतील का? रसेल इम्पाग्लियात्सो आणि राममोहन पातुरी यांचा अंदाज असा की सगळे २^न पर्याय तपासण्यापेक्षा फारसं बरं काही जमणार नाही. आता व्हेरिएबल अर्धे-अर्धे वाटा, प्रत्येक अर्ध्यात २^(न/२) पर्याय, एका अर्ध्याच्या पर्यायांपासून एक स्ट्रिंग बनवा, दुसऱ्याच्या पर्यायांपासून दुसरी, आणि बांधणी अशी करा की अटी पाळणारी जोडी असेल तरच सामाईक सबसिक्वेन्स ठरावीक लांबी गाठेल. स्ट्रिंगची लांबी साधारण २^(न/२), तिचा वर्ग २^न. म्हणजे वर्गापेक्षा खरोखर कमी वेळात उत्तर काढणाऱ्याने सॅटही फोडलं असं होईल! अमीर अबूद, आर्तुर्स बॅकुर्स आणि व्हर्जिनिया वासिलेव्स्का विल्यम्स यांनी हे दाखवलं, त्याच वर्षी कार्ल ब्रिंगमन आणि मार्विन क्युनेमन यांनीही. तो अंदाज सिद्ध झालेला नाही, त्यामुळे दार अगदीच बंद आहे असं नाही, पण इतकी वर्षं लोक अडले ते डोकं कमी पडलं म्हणून नाही एवढं तरी कळलं.

स्ट्रिंगची संख्या कितीही असू द्या म्हटलं तर परिस्थिती अजून बिकट, डेव्हिड मेयर यांनी १९७८ मध्येच दाखवलं की मग हा प्रश्न फक्त ० आणि १ च्या स्ट्रिंगसाठीही एनपी-हार्ड आहे, म्हणजे ज्यांच्यासाठी कुणालाच वेगवान रीत माहीत नाही अशा अवघड प्रश्नांपैकी.

त्यामुळे आता बऱ्याच जणांचा भर अंदाजे उत्तरावर आहे. ० आणि १ च्या दोन स्ट्रिंगसाठी एक अगदी साधा उपाय आहे: दोन्हीत किती शून्यं आहेत मोजा, लहान आकडा घ्या, एकांचंही तसंच करा आणि दोनपैकी मोठा आकडा सांगा. खऱ्या उत्तराच्या निम्मं तरी नक्की मिळतं, कारण त्या उत्तरात शून्यं तरी निम्मी किंवा जास्त असतात, नाहीतर १ हे अंक तरी. हे शाळकरी पोरगंही करेल, पण वर्गापेक्षा खरोखर कमी वेळात या निम्म्याच्या किंचित पुढे जायला २०२० साल उजाडलं, अवियाद रुबिनस्टाइन आणि झाओ साँग यांच्या पेपरने ते जमवलं.