मिसिंग (जुन्या मोटारींतील)

पेट्रोल एंजिनाच्या एखाद्या सिलिंडरातील मिश्रण न पेटणे, अर्धवट पेटणे किंवा अवेळी पेटणे. बेळगाव (अधिकृत नाव २०१४ पासून बेळगावी), खानापूर, निपाणी, चिकोडी या सीमाभागातील गॅरेजांत ‘गाडी मिसिंग मारते’ असे म्हणतात. यातील ‘मारणे’ हे कन्नड ‘होडी’चे भाषांतर असावे असे वाटणे शक्य आहे. मात्र हिंदीतही ‘मिसिंग मारना’ रूढ असल्याने हा प्रयोग देशभरच्या गॅरेज-बोलीतला मानणे अधिक योग्य.

पिकअप न घेणे किंवा गचके खाणे हा दोष निराळा. मिसिंगमध्ये ठरावीक तालात एक ठोका चुकतो. सायलेन्सरच्या तोंडापुढे तळहात धरला की हवेच्या धक्क्यांतला खंड हाताला कळतो. गचक्यात ॲक्सिलरेटर दाबताच सगळेच सिलिंडर क्षणभर उपाशी राहतात. पहिल्यात संशय आधी ठिणगीवर घ्यावा, दुसऱ्यात पेट्रोलवर. हा भेद न करता थेट कार्बोरेटर (पेट्रोल व हवा मिसळणारा भाग) खोलणे ही नेहमीची चूक. त्यात जुळलेले फ्लोट (पेट्रोलची पातळी राखणारा तरंगक) आणि जेट (पेट्रोल सोडणारे बारीक छिद्र) बिघडतात व मूळ दोष जागच्या जागी राहतो.

ठिणगी वाटून देणाऱ्या डिस्ट्रिब्यूटरला येथे व अन्यत्रही ‘डेल्को’ म्हणतात. चार्ल्स केटरिंग व एडवर्ड डीड्स यांनी १९०९ मध्ये अमेरिकेत काढलेल्या डेटन एंजिनिअरिंग लॅबोरेटरीज कंपनीच्या नावाचे हे लघुरूप. अँबॅसडरवर ल्युकस पद्धतीचा डिस्ट्रिब्यूटर असूनही नाव डेल्कोच राहिले. दुसऱ्या महायुद्धातील लष्करी गाड्यांबरोबर हा शब्द आला असावा, असा तर्क करता येतो. पण विलीस जीपवरील विद्युत सामग्री ऑटो-लाइटची होती. डेल्को पुढे जनरल मोटर्समध्ये विलीन झाली आणि त्या कंपनीने १९२८ मध्ये मुंबईत मोटारींची जुळणी सुरू केली, हे अधिक बोलके आहे. पेट्रोलच्या यांत्रिक पंपाला मिस्त्री ‘एसी पंप’ म्हणतात. ते नावही त्याच समूहातील एसी या छापाचे (आल्बर्ट चँपियन यांची आद्याक्षरे). दोन्ही शब्द एकाच वाटेने आले असण्याचा संभव जास्त दिसतो.

निदान : एंजिन गरम करून रेसिंग (उभ्या गाडीतील एंजिनाची गती) किंचित वाढवावी आणि रबरी मुठीच्या पक्कडीने एकेका प्लगची (सिलिंडरात ठिणगी पाडणाऱ्या भागाची) वायर काढून पाहावी. वायर काढताच एंजिन आणखी डगमगले तर तो सिलिंडर चालू आहे. काहीच फरक पडला नाही तर दोष तेथेच. इलेक्ट्रॉनिक इग्निशनच्या गाडीत काढलेली वायर अधांतरी ठेवू नये, कॉइल (ठिणगीसाठी विजेचा दाब वाढवणारे वेटोळे) किंवा इग्निशनचे मॉड्यूल जळू शकते. ती बॉडीला टेकवावी. मग त्या सिलिंडरचा प्लग शेजारच्याशी बदलावा. दोष प्लगबरोबर सरकला तर प्लग, न सरकल्यास वायर, त्यानंतर डेल्कोची टोपी. दोष एका सिलिंडरवरून दुसऱ्यावर फिरत राहिला तर कॉइल, रोटर (टोपीखाली फिरून ठिणगी वाटणारा तुकडा), पॉइंट (कॉइलचा प्रवाह तोडणारी टोके), कंडेन्सर (पॉइंटवरची ठिणगी शोषणारा भाग) हे सामायिक भाग पाहावेत. अँबॅसडर व पद्मिनीचा पेटण्याचा क्रम १-३-४-२. मारुती ८०० तीन सिलिंडरांची असल्याने एक गेला की तिसरा हिस्सा ताकद जाते व गाडी थरथरते.

प्लगचे टोक भुरकट असेल तर ठीक. कोरडी काजळी म्हणजे मिश्रण दाट, ओलसर तेलकट म्हणजे रिंग किंवा व्हॉल्व्हच्या गाइडमधून ऑइल, पांढरे भाजलेले म्हणजे मिश्रण पातळ किंवा ठिणगीचे टायमिंग पुढे. अँबॅसडरच्या १४८९ घ.सेंमी. एंजिनात प्लगची फट २५ थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग; सुमारे ०.६ मिमी.), पॉइंटची १४ ते १६ थाऊ, टॅपेटची (व्हॉल्व्हवरची) १५ थाऊ.

पॉइंटची फट फिलरने (मापाच्या पातळ पट्टीने) बरोबर बसवूनही मिसिंग राहिले तर डेल्कोचा शाफ्ट बोटांनी आडवा हलवून पाहावा. बुश (शाफ्टला आधार देणारी नळी) झिजला असेल तर शाफ्ट डुलतो, पॉइंट उघडणाऱ्या कॅमच्या चार कोपऱ्यांवर चार निरनिराळ्या फटी पडतात आणि कोणतेही माप खोटे ठरते. बेळगावच्या उद्यमबागेत लेथची कामे करणारी कारखानदारी असल्याने असा बुश करून घेणे अवघड नसते. नवा आणून बसवल्यावर रीमरने (भोक मापात आणणाऱ्या हत्याराने) साफ करणे मात्र टाळू नये.

कंडेन्सरबाबत मतभेद आहेत. त्याची क्षमता साधारण ०.२ मायक्रोफॅरड. ऋण बाजूच्या पॉइंटवरचा धातू उडून समोरच्यावर उंचवटा चढला तर क्षमता कमी, उलट झाले तर जास्त, असा जुना नियम आहे. पॉइंट कानसीने घासलेले, गाडीचे अर्थिंग कधी धन तर कधी ऋण. त्यामुळे तो नियम प्रत्यक्षात फारसा हाती लागत नाही. त्यापेक्षा बदली कंडेन्सर बाहेरून लावून पाहणे खात्रीचे : जुन्याची वायर सोडावी, नव्याची वायर कॉइलच्या डेल्कोकडील टोकाला आणि बूड बॉडीला टेकवावे. गाडी गरम झाल्यावर मिसिंग आणि थंड झाल्यावर ठणठणीत, हे कंडेन्सरचे किंवा कॉइलचे लक्षण. पाकिटातला नवा भाग चांगलाच असेल असे गृहीत धरू नये.

ठिणगी ठीक असून एक सिलिंडर मेलेला असेल तर कॉम्प्रेशन मोजावे : सगळे प्लग काढून, थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून स्टार्टर फिरवावा. कमी आलेल्या सिलिंडरात चमचाभर ऑइल घालून पुन्हा मोजल्यावर दाब वाढला तर रिंग, न वाढल्यास व्हॉल्व्ह. शेजारचे दोन एकदम कमी असतील तर हेड गॅस्केट.

गचक्यांचे निदान : एंजिन बंद ठेवून कार्बोरेटरच्या तोंडात पाहत थ्रॉटल झटक्याने उघडावा. पेट्रोलची सरळ चिळकांडी उडायला हवी. नुसते ठिबकले तर ॲक्सिलरेटर पंपाचा पडदा किंवा व्हॉल्व्ह गेला. दुसरे कारण व्हॅक्यूम ॲडव्हान्स (एंजिनाच्या ओढीने ठिणगी पुढे आणणारा भाग). त्याची नळी तोंडाने ओढावी, पॉइंटची प्लेट सरकली पाहिजे; नळीच्या तोंडावर जीभ लावताच ओढ टिकली नाही तर पडदा फाटला आहे. कार्बोरेटरखालच्या गॅस्केटमधून हवा शिरत असेल तर रेसिंग वरखाली होते.

स्थानिक परिस्थिती : जांबोटी, कणकुंबी, चोर्ला या पट्ट्यात पावसाळ्यात टोपीच्या आत दव धरते. टोपीतल्या पेन्सिलीच्या रेघेसारख्या काळ्या चिरेतून वीज भलतीकडे उतरते. अशी चीर घासून जात नाही, टोपीच बदलावी लागते. रात्री अंधारात बॉनेट उघडले तर फुटक्या वायरींवर निळ्या ठिणग्या दिसतात. एप्रिल-मेमध्ये तवंदी घाट चढताना गाडी गचके खाऊन थांबते आणि निवल्यावर निघते. पेट्रोलची वाफ पंपात अडकते. एसी पंपावर ओले फडके गुंडाळणे हा जुना उपाय अजून चालतो.

२० टक्के इथेनॉलमिश्रित पेट्रोल फेब्रुवारी २०२३ पासून विक्रीस आले. चिकोडी, अथणी, हुक्केरी हा ऊसपट्टाच असल्याने इथेनॉल येथे परके नाही. जुन्या कार्बोरेटरला मात्र ते मानवत नाही. मिश्रण पातळ होते, जुने रबरी पडदे फुगतात किंवा कडक होतात, आणि उभ्या गाडीच्या टाकीतील ओल शोषून इथेनॉल पाण्यासह तळाशी बसते. थोडे पेट्रोल काचेच्या बाटलीत घेऊन तासभर ठेवावे. तळाशी वेगळा थर दिसला तर टाकी रिकामी करावी.

डिझेल जीप व ट्रॅक्टरना ठिणगीचा प्लग नसतो; तेथे नोझलच्या (डिझेल फवारणाऱ्या भागाच्या) पाइपाचा नट एकेक करून सैल करतात, आणि ज्याच्याने आवाज बदलत नाही ते नोझल काढून तपासतात.