तेलाच्या शोधातील संगणकीय प्रतिरूपे आणि आपला काळा पाषाण : पार्श्वभूमी

आसामात डिगबोईला १८८९ मध्ये तेल लागले, ते जमिनीवर झिरपणाऱ्या तेलाच्या खुणांवरून. पुढे कृत्रिम धक्क्यांच्या लहरींवरून भूगर्भातील, तेल अडकून राहू शकेल अशा घुमटाकार रचना ओळखता येऊ लागल्या आणि १९७४ मध्ये मुंबई हाय सापडले. मात्र रचना आहे म्हणून तिच्यात तेल असतेच असे नाही, ही गोष्ट बऱ्याचदा महागडी विहीर कोरडी निघाल्यावरच कळत असे.

रशियन भूवैज्ञानिक लोपाटिन यांनी १९७१ मध्ये या अडचणीच्या मुळाला हात घातला. गाळात पुरलेल्या सेंद्रिय द्रव्याचे तेल होणे तापमानाइतकेच काळावरही अवलंबून असते आणि दर १० अंश सेल्सिअसला हा वेग साधारण दुप्पट होतो, असे त्यांनी धरले. हे गणित कागदावरही होई. ब्रिटिश भूभौतिकतज्ज्ञ मॅकेन्झी यांनी १९७८ मध्ये भूकवच ताणले जाऊन खोरे, म्हणजे गाळ साचणारा खोलगट भाग, कसे खचते आणि खालून येणारी उष्णता काळानुसार कशी ओसरते याचे सूत्र दिल्यावर थराथराचा औष्णिक इतिहास मांडता येऊ लागला; फ्रान्समध्ये तिसो आणि जर्मनीत वेल्टे यांनी त्याला रासायनिक अभिक्रियांच्या वेगाची जोड दिली, आणि एवढा हिशेब संगणकावाचून आवरणे शक्य राहिले नाही. खोऱ्याचा हा इतिहास संगणकात मांडणे म्हणजेच त्याचे प्रतिरूप.

सातारा-सांगलीकडे, म्हणजे आपल्या काळ्या पाषाणाच्या (बेसॉल्टच्या) मुलखात, अशी प्रतिरूपे का दिसत नाहीत, याचे उत्तर भूकंपाच्या अभ्यासातून मिळाले, हा योगायोगच म्हणायचा. १९६७ च्या कोयना भूकंपाचे कारण शोधण्यासाठी पाटण तालुक्यात वैज्ञानिक विंधनछिद्रे घेण्यात आली. कराडच्या भूभौतिकी प्रयोगशाळेच्या कामात २०१७ पर्यंत सुमारे ३ किलोमीटर खोली गाठली गेली. तिथे सव्वा किलोमीटरच्या आसपास बेसॉल्ट संपताच थेट ग्रॅनाइटी पायाखडक लागला. मध्ये गाळाचा थर नव्हता. तेल देणारा स्रोतखडकच नसेल, तर प्रतिरूपाला पोसायचे कशावर?

कच्छ-सौराष्ट्राकडे मात्र त्याच दख्खनी बेसॉल्टखाली मध्यजीव महाकल्पातील (डायनोसॉरांच्या काळातील) गाळ आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या भाराने तो किती खोल दाबला गेला आणि किती तापला, हा तिथल्या प्रतिरूपांपुढचा कळीचा प्रश्न आहे. बेसॉल्टमधून लहरी नीट परतत नसल्यामुळे खालच्या थरांची जाडीच नेमकी मिळत नाही, आणि ती चुकली की संगणकाने सुबक काढलेला तापमानाचा आलेखही चुकतो.